निव्वळ

अंबडच्या एमआयडीसीत, वजनकाट्याच्या काचेच्या खोलीत
मी बसते. एकोणीस वर्षं झाली.
ट्रक येतो भरलेला. आकडा. पावती.
तोच ट्रक परत येतो रिकामा. आकडा. पावती.
पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो निव्वळ माल.
एवढंच गणित मला येतं,
आणि आजवर माझ्या एकाही पावतीवर वाद झालेला नाही.

माझं वजन मात्र कुणी विचारलं नव्हतं,
डॉक्टर कासलीवालांनी विचारेपर्यंत.
चौऱ्याऐंशी, म्हणाला त्यांचा छोटा पांढरा काटा,
आणि गुडघ्याचा एक्स-रे उजेडापुढे धरून ते म्हणाले,
"दातीरबाई, गाडी ओव्हरलोड आहे."

मग वही केली.
चहा, दोन चमचे साखरेचा, सहा वेळा.
कॅन्टीनचा वडा.
"ताई, दोनच घड" म्हणत ड्रायव्हरनं ठेवलेला द्राक्षांचा अर्धा क्रेट.
रात्री पातेल्यात उरलेला भात,
टाकवत नाही म्हणून पोटात टाकलेला.
ही आवक.
जावक: खुर्ची ते खिडकी, चार पावलं.

आधी आवकच बंद केली.
सकाळी अर्धी भाकरी, रात्री नुसतं ताक.
तिसऱ्या आठवड्यात जिन्यात भिंत फिरली,
आणि सळईच्या एका ट्रकचं रिकामं वजन
मी भरलेल्याच्या रकान्यात लिहिलं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
ड्रायव्हर ओरडला नाही. डब्यातला शेंगदाण्याचा लाडू पुढे केला.
तो खाल्ला आणि रडले.
लाडू वहीत लिहिला. रडणं नाही.

मग उलटं केलं.
समोरच्या कंपनीत पॅकिंगला असलेली नसीम आणि मी,
पहाटे साडेपाचला जॉगिंग ट्रॅकवर. आठ फेऱ्या.
आणि गेटाबाहेर, गाळलेल्या घामाचा हक्क म्हणून,
मिसळ, दोन पाव, वरून रस्सा, त्यावर जिलबी.
महिन्यानं पांढरा काटा म्हणाला, पंच्याऐंशी.
नसीम म्हणाली,
"आपण चालत मिसळ खायला जातो गं. बाकी काही नाही."

आता वही दोन्ही पानांवर लिहिते.
डावीकडे भाकरी, एकच पण पुरती. मुगाची उसळ, काकडी, ताक.
उजवीकडे पाय.
मिसळ आहे, महिन्यातून एकदा, मटकी जास्त, फरसाण कमी,
आणि त्या रात्रीचं ताट लहान.
जावेच्या मुलीच्या हळदीला डावं पान भरून वाहिलं.
ते तसंच ठेवलं.
खाडाखोड करायची नाही, काट्याचा नियम आहे.

शनिवारी एमआयडीसी बंद.
आम्ही पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढतो.
पहिल्यांदा सात ठिकाणी बसले होते,
माकडंही कंटाळून पुढे निघून गेली.

सात महिन्यांनी पांढरा काटा सत्त्याहत्तर म्हणाला.
काल शेवटचा ट्रक गेल्यावर, शटर ओढण्याआधी,
मी आमच्या काट्यावर गेले.
साठ टनांचा लोखंडी ओटा.
चपला काढून मधोमध उभी राहिले.
बाहेरच्या लाल दिव्यांत आकडा आला: ऐंशी.

वही केली त्या दिवशीही चोरून इथेच उभी राहिले होते.
तेव्हाही ऐंशी.
आमच्या काट्याला दहा किलोखालचं दिसत नाही.
त्याला चौऱ्याऐंशीही ऐंशी, सत्त्याहत्तरही ऐंशी.

खिडकीतून नसीमनं विचारलं, "पावती फाडू?"
म्हटलं, फाड.
भरलेलं ऐंशी. रिकामं ऐंशी. निव्वळ शून्य.
वहीत जपून ठेवली आहे.

आज शनिवार.
पायऱ्यांवर एकदाच बसले,
तेही नसीमच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून.