लेबलं

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या दोन रिंगांमध्ये
मासे वाळवायची दोरी बांधली आहे.
तिच्यावर आज चित्रं.
जुलै, म्हणजे चिलोए बेटावरचा हिवाळा. पत्र्यावरचा पाऊस
तीन आठवडे एकच गोष्ट सांगतोय
आणि आम्ही हुंकारही देत नाही.

माझ्याकडे काम एवढंच, लेबलं लिहिणं.
अक्षर बरं, शिवाय पोस्टात एकोणीस वर्षं काढलेली.
नाव. माध्यम. किंमत.
तीन ओळी, पुठ्ठ्याचा तुकडा, टाचणी.

पहिल्या आल्या दोन्या एदुविना, खांद्यावर घोंगडी.
'माध्यम?'
'मेंढी. पेर्ला नाव तिचं, तेही लिही.
पिवळा कांद्याच्या सालींचा.
करडा झाडांच्या दाढीचा, खोडाच्या दक्षिणेकडची घ्यायची,
दुसरी नुसतीच म्हातारी, रंग सोडत नाही.'
'आणि हा काळा?'
'नाल्काचं मूळ, ओढ्यातला चिखल, सव्वीस दिवस.'

कुठले सव्वीस, हे विचारायचं नसतं.
तिच्या मुलाची होडी किती दिवस शोधली
ते सगळ्या गावानं मोजलंय.
घोंगडीच्या काठाला बोटभर काळी रेघ
मध्येच थांबते.
सूत संपल्यासारखी नाही,
विणता विणता बाईनं दाराकडे बघावं तशी.

मग एर्मेलिंदो. शिंपले काढणारा पाणबुड्या,
एक कान समुद्राला देऊन आलेला.
प्लायवूडवर, होडीच्या उरलेल्या रंगात
हिरवं, आणखी हिरवं,
मग ज्याला हिरवं म्हणवत नाही ते.
'मासे कुठायत?' पोरं विचारतात.
तो चांगला कान पुढे करतो. पुन्हा विचारतात.
'खाली काय दिसतं सांगू?
आपला श्वास. वर चाललेला,
आपल्याला न घेता.'
माध्यमाच्या ओळीत मी तेच लिहिलं.
खोडलं. ऑइल पेंट लिहिलं.
तेही खोडलं. पुठ्ठा वाया.

मिल्लारायनं, वय बारा, सामनच्या पिंजऱ्यांवरून वाहत आलेल्या
फुटक्या तरंड्यांचा बगळा केलाय,
एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब.
किंमत: सायकल. गिअरची.
हे लेबल मी सगळ्यात सुबक अक्षरात लिहिलं.

दुपारच्या फेरीनं राजधानीतलं एक जोडपं आलं,
पातळ जाकिटं, बूट भिजून फदफदणारे.
बाईनं घोंगडीला हात लावला, पर्स उघडली.
'विकायची नाही,' दोन्या एदुविना म्हणाल्या.
बाई ओशाळली, ओठ निळसर.
'अगं, पण कुडकुडतेयस की.'
दोरीवरचे चिमटे काढले दोन,
आणि प्रदर्शनातला एक नमुना
प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून चहा प्यायला लागला.

येणारे तिच्याभोवती फिरून बघत होते.
काळी रेघ तिच्या डाव्या खांद्यावर थांबलेली.
तिला कुणी काही सांगितलं नाही.
एकदा तिनंच तिथे हात नेला, नुसता, खाज सुटावी तसा,
आणि ठेवला तिथेच.

रिकाम्या चिमट्यांखाली लेबल लटकत होतं.
किंमत: फेरीचा भोंगा वाजेपर्यंत.
पोस्टात असतं तर परत आलं असतं,
पत्ता अपुरा म्हणून.

संध्याकाळी बादल्या सरकवत मी दिवे बंद करत होतो.
दोन्या एदुविना घोंगडीत नाक खुपसून उभ्या.
'सेंटाचा वास,' म्हणाल्या. 'महागातला दिसतो.'
'धुणार?'
'वाळणार कुठे या दिवसांत?'
आणि तशीच गुंडाळून घेऊन गेल्या,
पावसाला हुं हुं करत.