सात बाय पस्तीस

रावपुऱ्यात हर्षदभाईंनी काउंटरवर दुर्बिणी मांडल्या.
पहिलीच्या काचा माणकासारख्या लाल.
"आ बहु चाले छे."
छत्तीस वर्षं प्रतापनगरला सिग्नल सांभाळले मी,
लाल दिसला की थांबतो.
ठेवून दिली.

दहा बाय पन्नास.
समोरच्या गच्चीत वाळणाऱ्या पापडांतला
मिऱ्याचा कण न् कण दिसला,
पण नाचत होता.
पापड नव्हे, माझं मनगट.

मग सात बाय पन्नास. हिच्यात कण गप्प बसला,
तोच हर्षदभाईंच्या मुलानं वय विचारलं.
चौसष्ट.
"मग बाहुली पाचच मिलिमीटर उघडेल, काका.
बाकीचा उजेड बाहेर सांडेल."
राग नाही आला.
अंधारात मी किती उघडतो
हे इतकं मोजून कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी खालच्या कप्प्यातली काढायला लावली,
सात बाय पस्तीस,
पट्टा उसवलेला, किंमत सगळ्यांत कमी.
ट्यूबलाइटकडे रोखून, हात लांब करून पाहिलं:
दोन्ही भिंगांत चिमुकले चंद्र,
गोल, कडा न कातरलेले.
हर्षदभाई जरा पडले,
मग स्वतःच नवा पट्टा ओवून दिला.

आज रिफायनरीच्या ज्योतीकडे पाठ करून,
पाण्याच्या टाकीला टेकून,
कोपरं बरगड्यांत रोवून उभा आहे.
कृत्तिका.
गेली काही वर्षं नुसता बोटाचा ठसा होता तिथं.
नऊ, दहा, अकरा...
जिन्यातून कुमुद विचारते, "दिसतंय का काही?"
हात वर करतो फक्त.
मालगाडीचे डबे मोजताना
बोलायचं नसतं.