मीटर काही मागत नाही

अंबड लिंक रोडला, वजनकाट्याच्या शेजारी,
डिसेंबरात सकाळी पाना हातात धरवत नाही.
निफाडला पारा पाचावर उतरला म्हणे.
आमच्याकडे पेपर सीटवर अंथरायला येतो,
तेव्हा बातम्या कळतात.

निवृत्ती बोडके शाळेची व्हॅन घेऊन आले.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा, इंजिनाच्या आकाराचा,
महिनाभर तसाच.
"पोरं विचारतात, काका, हे कासव कशाचं?
मी म्हणतो, आपलंच आहे, बसू द्या."
दोन सेन्सर बदलून झाले होते,
एक द्वारकेला, एक पंचवटीत.
बिलं खिशात, घडीवर घडी.

स्कॅनर लावला. तोच कोड:
ऑक्सिजन सेन्सर, हीटर सर्किट.
सायलेन्सरच्या गळ्याशी बसलेला बोटाएवढा जीव तो,
धूर हुंगून सांगतो, पेट्रोल जास्त झालं की कमी.
पण गारठलेला असला की त्याला वासच येत नाही,
म्हणून त्याच्या पोटात एक छोटी शेगडी असते.
ती पेटत नव्हती.

फ्यूज शाबूत.
सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींत सहा ओहम,
म्हणजे शेगडी धडधाकट, नवीकोरी, बिचारी.
प्लग सोडवला, चावी फिरवायला सांगितली,
गाडीकडच्या बाजूला मीटर धरला:
बारा पॉइंट चार.
"मग करंट तर येतोय," बोडके म्हणाले.
येतोय.
आधीचे दोघं इथवर येऊन थांबले असणार,
आणि तिसरा सेन्सर मागवायचा मोह
मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

पण रज्जाकभाईंनी पहिल्या वर्षी मला मीटर दिलाच नव्हता.
एक बल्ब दिला होता, इंडिकेटरचा, दोन वायरी डकवलेला.
म्हणायचे, बेटा, मीटर काही मागत नाही,
म्हणून त्याला सगळे हो म्हणतात.
तू मागून बघ.

बल्ब लावला.
काळा.
काचेत माझंच नाक.

बारा व्होल्ट होते आणि नव्हते.
कधीही या, म्हणणाऱ्यांच्या दारात
रात्री अकराला बॅग घेऊन उभं राहिल्यावर कळतं, तसं.

मग वायर धरून मागे मागे.
टेप सोलली, क्लिपा काढल्या,
ड्रायव्हरची सीट उचलली.
तिथे, इंजिनाच्या कडेला, घर होतं.
शेंगांची टरफलं,
चित्रकलेच्या वहीचा बारीक कातरलेला डोंगर,
शाळेच्या टायची निळी दशी,
आणि मधोमध वायर, साल सोललेली,
तांब्याच्या सोळा केसांतला एकच उरलेला,
तोही हिरवा पडलेला.
मीटरला तेवढा पुरतो.
शेगडीला नाही.

उंदरालाही ऊबच हवी होती.
हे मी मोठ्याने बोलले नाही,
बोडक्यांचे सात हजार गेले होते.

कुरतडलेलं कापलं, नवीन जोडलं, डाग दिला,
स्लीव्ह चढवून गरम हवेने आवळली.
बल्ब भक्कन पेटला.
बोडके हात थोडे पुढे करून बघत राहिले,
शेकायला बसल्यासारखे.
कोड पुसला. तरी म्हटलं,
आज इंजिन तापलंय, आजचं खरं धरू नका.
रात्रभर गार होऊ द्या.
सकाळी कासव परत आलं, तर फोन करा.

दुसऱ्या दिवशी सहालाच जाग आली.
त्यांची पहिली फेरी सहा चाळीसला, इंदिरानगर.
फोन उशाशी.
सात. साडेसात.
आमच्या धंद्यात पावती अशीच मिळते.

आठला शटर उचललं.
घरटं मी फेकलं नव्हतं,
कंप्रेसरमागे गोणपाटाखाली सरकवलं होतं.
निळी दशी जागेवर नव्हती.
मी काही बोलले नाही.
वायरींचं बंडल तेवढं
वरच्या खिळ्याला टांगलं.