पाठीमागची बाजू

सतरा नंबरचा तुकडा मी चौकटीत आवळते.
वर नळीत पाच किलोचा लोखंडी गोटा,
टोक वाटोळं, नारळाहून लहान,
पण काम तेच.
एउलोहियो काच खाली ओढतो. म्हणतो, सोड.

अस्तर अबाकाचं.
दिसायला केळ; फळ कुणी खात नाही,
सगळी पुण्याई खोडात.
आई सुरीखालून पट्टा ओढते तेव्हा
पाय रोवून अख्खी मागे झुकते,
गर गळून जातो, हातात उरते
पिंगट केसांची ओली बट.
अशी दोन अस्तरं, आणि मध्ये गाभा:
राळेत कालवलेली राख, तीनदा चाळलेली.

राख कुठली?
अहवालात एकच शब्द आहे, 'स्थानिक'.
मी पोतं भरत होते तेव्हा
फावड्याला खडूचा तुकडा लागला.
तिथे आमची तिसरी भरायची.
डोंगरावर पाऊस झाला आणि राख चालत आली,
खिडक्यांच्या वरपर्यंत.
पेर्पेतुआ बाई छपरावर बसून
हजेरी घेत होत्या,
अंधारात, पाठ असलेल्या क्रमाने.

गोटा पडतो.
पडद्यावर रेघ चढते, थरथरते, उतरते.
राख न घातलेला गाभा काचेसारखा तडकला होता,
फार घातलेला त्याहून लवकर.
हा फुटत नाही. हा चुरतो,
आणि चुरता चुरता घाव वाटून घेतो.
वरून फक्त नखाएवढा खळगा.
पास, म्हणतो एउलोहियो, आणि चहाला जातो.

मी तुकडा उलटा करते.
पाठीवर तंतूंची पांढुरकी फुली.
पाच पेसोचं नाणं घेऊन कडेपासून आत येते:
टण. टण. टण.
ठप.
ठप म्हणजे आतून सुटलंय.
पेन्सिलीने ठपचं गाव आखते.
बशीएवढं आहे.
रकान्यात उंची, ज्यूल, खळग्याची खोली.
हजेरीचा रकाना नाही.

नापास-पास सगळे तुकडे बाबांनी
स्वयंपाकघराच्या खिडकीला स्क्रूने ठोकले
तीन नंबरचा बावटा लागला त्या दुपारी.
रात्रभर नारळ आदळत राहिले.
"हा किती?" आई अंधारातून विचारायची.
"ऐंशी."
"आणि हा?"
"शंभर असेल. झोप."

मग एकाएकी सगळं थांबलं.
वादळाचा डोळा आमच्या छपरावर.
आई उठली, कंदील धरून
बोटाच्या पेराने एकेक तुकडा वाजवत गेली,
फणस पारखावा तशी.
सतराव्यावर हात थांबला.
मी म्हटलं, बदलू का हा?
"राहू दे," ती म्हणाली,
"ह्याला निदान माहीत आहे काय येतंय ते."
आणि भात उतरवायला वळली,
कारण वारा आता
दुसऱ्या बाजूने येणार होता.