एका नावाएवढी जागा

हिवाळ्यात शाई गोठते.
मी, टिल्फ्रिथ, दौत काखेत धरून बसतो,
कोंबडी अंड्यावर बसावी तसा.
मांडीवर वासराचं कातडं,
एका अंगाला केसांची मुळं अजून दिसतात.
समोर खाटेवर ओस्लाक.
दलदलीचं पाणी त्याच्या छातीत चढत चाललंय.

मठाधिपती म्हणाले : म्हातारा जाण्याआधी
त्याच्यापाशी असेल ते उतरवून घे.
फक्त तो जिथं प्राक्तन म्हणेल
तिथं तू देव लिही.

ओस्लाक अर्धी ओळ म्हणतो. थांबतो.
मग उरलेली अर्धी.
आधी वाटलं, धाप लागते आहे.
मग कळलं, गाणंच असं बांधलंय,
मधोमध घळ, आणि पलीकडून तोच नाद ओ देतो :

*भर ओढ्यात भाले भिडले,   भ्याला नाही भाऊबंद कोणी.*
*सकाळच्या पुरात सरदार सांडला,   सोबती सरले, सरकले नाहीत.*

सरले नाहीत सगळे. एक उरला, तोच गातो आहे.
हाथोरेडनं दंडावर चढवलेलं कडं
बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानं उतरवून दिलं.
ते वितळवून प्याल्याची कड मढवली.
ईस्टरला ओस्लाक धन्याच्या सोन्याला ओठ लावतो
आणि रक्त पितो.
कुणाचं, हे मी विचारू नये.

संध्याकाळी वाटाण्याचं कढण घेऊन येतो वीग्मुंड.
एकोणीस वर्षांचा, हात थरथरतात, निम्मं सांडतो.
हाथोरेडच्या मानेत कुऱ्हाड घातली ती याच्या बापानं.
सगळ्या मठाला ठाऊक आहे.
वीग्मुंडलाही.
उशीखाली ओस्लाकचा चाकू आहे, तेही.

काल पोरगं चमचा धरून वाकलेलं,
मान उघडी, नुकती भादरलेली.
ओस्लाकनं उशीखाली हात घातला.
मी लेखणी खाली ठेवली नाही,
का, ते अजून कळत नाही.
त्यानं चाकू काढला आणि
पोराच्या डोक्यावरून माझ्याकडे धरला.
‘तुझा बोथट आहे. हा घे. खरवड.’

काय खरवडू?

‘तिसऱ्या ओळीतलं माझं नाव.
मीच म्हटलंय ना पुढं,
धन्याचं रक्त ज्यानं फेडलं नाही
त्याला बाकावर जागा नको, ओठांवर नाव नको.
क्षमा केली. हे तुमचं काम झालं.
आता माझं करा.’

कढण निवत होतं. पोरगं रडलं नाही,
चमचा पुसला, पुन्हा भरला.

मी खरवडलं. चाकूला धार फार होती.

पहाटे ओस्लाक गेला.
गोठलेल्या मातीत खड्डा वीग्मुंडनं खणला, एकट्यानं,
कुणाला कुदळीला हात लावू दिला नाही.

मठाधिपतींनी पान उलटसुलट पाहिलं : ही जागा मोकळी का?
म्हणालो, वासराला जिवंतपणी गोमाशी चावली असावी.
या खोट्यासाठी तीन दिवस कोरडी भाकर, मीच मला लावून घेतली.
दुसरं मात्र कबूल केलेलं नाही.
बाकी सगळीकडे देव लिहिला.
एका ठिकाणी प्राक्तन तसंच आहे,
*पाऊल पडेल तिथं प्राक्तन पोचलेलं.*
देव घातला की ओळ लंगडत होती.
पाप मनाचं नाही, कानाचं.

वीग्मुंडला वाचता येत नाही.
त्यानं पानावरून बोट फिरवलं
आणि ते थांबलं कातडं पातळ आहे तिथं.

मागून मेणबत्ती धरली तर तिथून उजेड येईल.
धरत नाही.
मेण महाग आहे.