खोक्यातली बाई

एकतीस वर्षं मी रंगमंचाखालच्या खोक्यात बसले,
नटांना विसरलेल्या ओळी पुरवत.
तारयेई नेसहाइमला ओळखायला लागले
ते आधी बुटांवरून:
डाव्या टाचेचा खिळा वर आलेला,
शिवणीत कॉड माशाचा एक खवला.

बाप खडकांवर मासे वाळवायचा.
पहिली कादंबरी तारयेईने मिठाच्या पावत्यांच्या पाठीवर लिहिली,
म्हणून की काय, तिच्यातली माणसं
प्रेमाचं बोलता बोलता भाव विचारतात.
क्रिस्तियानसुनात ती कोणी विकत घेतली नाही,
वाचली मात्र सगळ्यांनी.
बेकरीवाल्या ओलाउगने पान त्र्याऐंशीवर स्वतःला ओळखलं
आणि त्याला पाव देणं बंद केलं.
गाव म्हणालं, खाल्ल्या मिठाला जागला नाही.
तो म्हणाला, जागलोच की,
रात्र रात्र.

मग नाटकं.
राजधानीतून आलेल्या नटांच्या तोंडात
त्याची बेटावरची बोली मावेना,
गरम बटाट्यासारखी या गालातून त्या गालात.
शब्द मी पुरवायची. शब्दांचं सोपं असतं.

घोडं अडायचं त्याच्या थांबण्यांपाशी.
दुसऱ्या अंकात विधवा दार उघडते,
बाहेर कोणी नसतं,
आणि ती काहीच बोलत नाही.
पहिल्या प्रयोगाला मला वाटलं, बाई विसरली.
कुजबुजले पुढचं वाक्य.
ती बोलली. दार लागलं. टाळ्याही पडल्या.
मध्यंतरात बूट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.
"ती गप्प राहते ना, ते मी लिहिलंय, बोर्गहिल्ड.
चार महिने लागले."

तिसऱ्या रात्री नाटक उतरलं.
त्यानंतर बाराएक नाटकं, दोन लग्नं, एक पदक,
जे त्याने गळाला वजन म्हणून बांधलं
असं लोक सांगतात.
मी पाहिलंय ते. खुंटीवर होतं, टोपीखाली.

मागच्या नोव्हेंबरात वृद्धाश्रमात गेले.
साडेतीनलाच अंधार.
त्याच्या पायांत लोकरीचे मोजे,
बूट नाहीत, म्हणून क्षणभर ओळखूच येईना.
म्हणाला, "बापाच्या हातांना वास यायचा तो...
तो..."
मला शब्द ठाऊक होता.
जिभेवर होता.

खिडकीबाहेर बोट धक्क्याला लागली,
दोन माणसं उतरली, एक चढलं,
बोट गेली.

तो अजून शोधत होता.
मी कॉफी ढवळत राहिले
चमचा वाजू न देता.