पुरवणी तीन

स्वीकृतीचं पत्र आलं तेव्हा मी काळबादेवीच्या खाडीत
पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी होते,
एका हातात मोजणीची लोखंडी चौकट,
दुसऱ्यात फोन.
अभिनंदन. कृपया प्रकाशनाचा मार्ग निवडा.

सोनेरी मार्ग: दोन लाख सत्तर हजार भरा,
लेख साऱ्या जगाला फुकट.
बंद मार्ग: तुम्ही काही भरू नका, वाचणारा भरेल,
एका लेखाला तीन हजार दोनशे.
तिसरा बारीक अक्षरात,
सुरूच्या बनामागून जाणाऱ्या पायवाटेसारखा:
अखेरचा मसुदा आपल्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवा,
पण बारा महिने थांबून.

नाबर सर म्हणाले, "बंद घे. नाव मोठं आहे.
बढतीच्या समितीला नाव दिसतं, कुलूप दिसत नाही."
सर खोटं बोलत नव्हते.
त्यांचेच अकरा लेख आहेत
जे आमच्या ग्रंथालयातून उघडत नाहीत.

रात्री हिशोब केला.
दोन लाख सत्तर हजारांत होडीला इंजिन येतं,
वर जाळ्याचेही पैसे सुटतात.
आणि ती बारा महिन्यांची बंदी तर कळेचना.
पावसात दर्या बंद असतो
तो मासळी गाभोळीवर असते म्हणून;
पुनवेला नारळ पडला की होड्या सुटतात.
इथे कोण गाभोळीवर आहे?

चार वर्षं द्रौपदी शिवलकरीण माझ्यापुढे चालली,
टाचेने चिखल दाबत.
टाचेला मुळे कळतात, डोळ्यांना नाही.
"हितं हायत," म्हणायची, आणि असायचे,
ओंजळ ओंजळ, बंद तोंडाचे.
मी त्याला नमुना-निवडीची पद्धत म्हटलं
आणि तिला आभारात बसवलं, शेवटून दुसऱ्या ओळीत:
द्रौपदी शिवलकर यांच्यामुळे.
जन्मभर मुळे काढणारी बाई
एका शब्दयोगी अव्ययात जाऊन रुतली.

मोठ्या नावाला मी नाही कळवलं.
सरांना दोन दिवसांनी सांगितलं, तेही जिन्यात.

मालवणात तिघे निवृत्त प्राध्यापक एक त्रैमासिक चालवतात,
ना लिहिणाऱ्याकडून पैसे, ना वाचणाऱ्याकडून.
सर्व्हर एकाच्या माडीवर, आंब्याच्या पेट्यांशेजारी;
वीज गेली की अंक जगभर बंद.
परवान्याची ओळ साधी:
नाव सांगा, मग हवं ते न्या.
माझ्या बढतीच्या तक्त्यात त्या रकान्यात शून्य येईल.
येऊ दे, म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं.

मग ऐटीत खाडीवर गेले सांगायला.
द्रौपदी टोपली धूत होती.
"म्हंजे कोन पन वाचंल?"
"कोणीही. कुठूनही."
"पैशे न देता?"
"न देता."
तिने टोपली उपडी केली, पाणी निथळू दिलं.
"नकाशा पन?"

नकाशा माझा अभिमान होता.
सत्तावीस ठिपके, अक्षांश-रेखांशासकट,
कुठल्या वळणाला मुळे दाट, कुठल्या महिन्यात.
"ट्रकवाले पन वाचतात गो," ती म्हणाली.
"सगल्यांनी वाचूं देत. आमचो चिखल वाचूं देत.
पन बायांची जागा नको लिवूस."

मी कुलपांवर चिडत आले होते इतके दिवस,
दार कोणाचं, ते विचारायचं राहिलं होतं.

अंक चैत्रात निघाला.
पुरवणी एक: सर्व मोजमापं. खुली.
पुरवणी दोन: मराठी सारांश, दोन पानं. खुला.
(त्यातली एक चूक द्रौपदीच्या सुनेने फोनवर दाखवली,
दुसऱ्या आवृत्तीत सुधारली आहे.)
पुरवणी तीन: नकाशा.
विनंती केल्यास उपलब्ध.
संपर्क: द्रौपदी शिवलकर,
काळबादेवी,
ओहोटीच्या वेळी.